बडोद्याच्या क्विझमधले ‘सोपे’ प्रश्न

गेली सहा वर्षं मी आमच्या बडोद्यातल्या एका छोट्या क्विझ लीगचे प्रश्न काढतो. लीग हा शब्द ऐकायला भारी वाटतो. प्रत्यक्षात आठ संघ, प्रत्येकात चार माणसं, महिन्यातला एक शनिवार आणि एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, एवढाच पसारा. विलायतेत याला पब क्विझ म्हणतात. तिकडे १९७६ साली शेरॉन बर्न्स आणि टॉम पोर्टर या जोडीने पबवाल्यांना सुचवलं की ज्या रात्री गिऱ्हाईक नसतं त्या रात्री प्रश्नोत्तरांचा खेळ ठेवा, लोक येतील. लोक आले, आणि पबापबांच्या लीग सुरू झाल्या. आमच्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे पब हा प्रश्नच निकालात निघाला. आमच्याकडे चहा असतो आणि हरणाऱ्या संघाने सगळ्यांना सेवउसळ द्यायची असा दंडक आहे. तर्री जास्त झाली तर पुढच्या शनिवारपर्यंत हार लक्षात राहते.

आपल्या देशात ही हौस त्याआधीची. १९६७ साली कलकत्त्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये नील ओब्रायन यांनी पहिली खुली क्विझ घेतली. मग रेडिओवर १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ, आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी. मग १९८५ चं दूरदर्शनवरचं सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’. आमच्या पिढीच्या वह्या यातूनच भरल्या. राजधान्या, चलनं, नद्यांचे उगम. मंगोलियाची राजधानी उलानबातर हे मला अजून झोपेत विचारलं तरी सांगता येतं, आणि आयुष्यात एकदाही ते उपयोगी पडलेलं नाही.

लीगमध्ये शेवटची फेरी ‘आपलं गाव’ अशी असते. दहा प्रश्न, सगळे बडोद्यावर. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, ही तर गुण लुटायची फेरी. चार-चार पिढ्या इथे काढलेली घरं, दांडिया बाजारात जन्म, कोठीवर नोकरी, कमाटीबागेत फिरणं. पण सगळ्यात जास्त भांडणं याच फेरीत होतात. जगाबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते पुस्तकातून आलेलं असतं. गावाबद्दलचं आजोबांकडून आलेलं असतं, आणि आजोबांना चूक कोण म्हणणार?

पहिलं मोठं भांडण लक्ष्मीविलास पॅलेसवरून झालं. ‘लक्ष्मीविलास बकिंगहॅम पॅलेसच्या किती पट?’ हा प्रश्न एका संघानेच मला सुचवला होता. उत्तर अर्थात ‘चौपट’. हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, पाहुण्यांना सांगतो, रिक्षावालेही सांगतात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हल्ली बातम्यांमध्ये या महालाचं क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट असं छापून येतं, आणि शेजारी बकिंगहॅमचे ८,२८,००० च्या आसपास. भागाकार केला तर सदतीसच्या जवळ येतो. म्हणजे चौपट हे त्याच बातमीतल्या आकड्यांतूनही निघत नाही. आता एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्याला ७०० ने गुणा. बरोब्बर ३,०४,९२,०००, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. महालाचा पूर्वीचा परिसर सातशे एकरांचा सांगतात. म्हणजे कोणीतरी आमच्या बाजूने बागा, गवत, झाडं, रस्ते सगळं मोजलं, आणि राणीच्या बाजूने फक्त घराच्या खोल्या. असा हिशेब धरला तर आमच्या चुलत्यांचं पादऱ्याजवळचं शेतसुद्धा बऱ्याच राजवाड्यांना भारी पडेल.

मी हे हॉलमध्ये फळ्यावर मांडलं. आधी शांतता पसरली, मग एका काकांनी म्हटलं, ‘अहो, पण एवढं मोजायची गरज काय होती?’ हा प्रश्न मला आवडला. गरज अशी की हा महाल मोठा आहे हे सांगायला बकिंगहॅम लागतच नाही. आणि त्याच महालावर खरा, सुंदर प्रश्न आहे, तो कुणी विचारत नाही: कोल्हापूरचा नवा राजवाडा, अजमेरचं मेयो कॉलेज आणि लक्ष्मीविलास यांना जोडणारा माणूस कोण? मेजर चार्ल्स मँट. हे १८८१ मध्ये वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये महाल पुरा केला. मँट यांना आपले हिशेब चुकले, महाल कोसळणार असं वाटलं आणि त्यांनी जीव दिला, ही गोष्ट इथे प्रत्येक गाइड सांगतो. हा प्रश्न मी काढत नाही. महाल मात्र शांतपणे उभा आहे, भूकंप पाहून झालाय त्याचा.

क्रिकेटवर भांडण होत नाही, उसासे निघतात. १९४७ चा मार्च महिना, रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोद्यात, बडोदा विरुद्ध होळकर. म्हणजे गायकवाड विरुद्ध होळकरच की. इंदूरकरांनी रागावू नये, पण पहिल्या डावात त्यांच्या २०२ झाल्या आणि आमच्या ७८४. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची चौथ्या विकेटची भागी ५७७. डाव आणि ४०९ धावांनी सामना. ही भागीदारी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही विकेटसाठी जगात सगळ्यात मोठी होती, ती थेट २००६ साली संगकारा आणि जयवर्धने यांनी कोलंबोत ६२४ करून मोडली. एकोणसाठ वर्षं हा विक्रम आमच्या गावाच्या नावावर होता.

‘५७७ ची भागी कुणाची?’ हा प्रश्न सगळे संघ सोडवतात. पण हजारे सगळ्यांना येतात, जोडीदाराचं नाव अर्ध्यांना येत नाही. हजारे मूळचे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. गुल महंमद लाहोरचे. सामना मार्चमध्ये झाला, ऑगस्टमध्ये फाळणी झाली. गुल महंमद आधी भारताकडून कसोटी खेळले, नंतर पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये कराचीला पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. भारत आणि पाकिस्तान दोन्हींकडून कसोटी खेळलेली माणसं तीनच: अब्दुल हाफीज कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. यातले इलाही आणि गुल हे दोघे बडोद्याचे खेळाडू. तिघांपैकी दोघं आमचे! मी विचारलं तेव्हा एकाही संघाला हे सांगता आलं नाही. घरी वडीलधाऱ्यांनी सांगितलं असेल, पण आपण ऐकताना हजारेंपाशी थांबलो असू.

ग्वाल्हेरकर वाचत असतील तर त्यांच्यासाठीही एक आहे. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला की त्यांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केला. सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी तिघांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आणले होते. निकाल तीन-तीन. इंग्रज तिघं म्हणाले गुन्हा शाबीत, हिंदी तिघं म्हणाले शाबीत नाही. तरीही मल्हाररावांना गादीवरून काढलंच, फक्त कारण बदललं: राज्यकारभार वाईट. मद्रासला पाठवले, तिथेच १८८२ मध्ये गेले. या रिकाम्या गादीसाठी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, तेच सयाजीराव महाराज. ‘इथे कशाला आलास?’ असं विचारल्यावर त्या मुलाने ‘राज्य करायला’ असं उत्तर दिलं ही गोष्ट आमच्या प्रत्येक घरात सांगतात. मी ती क्विझमध्ये नाही विचारत, पण कुणी सांगितली तर ऐकतो. मल्हाररावांचं नाव मात्र घराघरात नुसतं ‘ते विषप्रयोगवाले’ एवढंच उरलंय. तीन-तीन निकाल लागला होता हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे सुटले होते की हो ते!’ सुटले नव्हते, पण दोषीही ठरले नव्हते. एका गुणाच्या उत्तरात हे बसत नाही, म्हणून मी त्या प्रश्नाला दोन गुण ठेवले.

सयाजीरावांवर प्रश्न काढणं सोपं आहे, निवडणं कठीण. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९०६ मध्ये साऱ्या राज्यात. १९१० पासून अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांच्याकडून ग्रंथालयांचं जाळं. १९०८ साली बँक ऑफ बडोदा. रियासतकार सरदेसाई राजपुत्रांचे शिक्षक होते आणि रियासतीचा पहिला भाग इथे नोकरीत असतानाच निघाला. तरुण अरविंद घोष इथल्या कॉलेजात शिकवत होते आणि मराठी-गुजराती शिकत होते. दादासाहेब फाळके कलाभवनाचे विद्यार्थी. मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे चार वेळा, शेवटचं २०१८ मध्ये. १९३१ साली कारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. त्याचं नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी एकदा जादा गुण दिला होता. हे सगळं आमच्या लोकांना येतं. अभिमानाचं आपल्याला पाठ असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी मी एक प्रश्न ठेवला. प्रश्नपत्रिका आधी दोन ज्येष्ठांना दाखवायची आमची पद्धत आहे, चुका निघतात. त्यातल्या एका काकांनी दहापैकी नऊ प्रश्नांवर बरोबरची खूण केली आणि सातव्यावर बोट ठेवलं. प्रश्न असा होता: ‘१९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत असलेला, परदेशातून शिकून आलेला एक तरुण राहायला जागा न मिळाल्यामुळे कमाटीबागेत रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत बसला. तो कोण?’

काका म्हणाले, ‘हंगामाचा शेवट आहे, घरची मंडळी, नातवंडं येणार. हा कशाला? स्कॉलरशिपचा विचार ना त्यापेक्षा.’

स्कॉलरशिपचा प्रश्न आम्ही दरवर्षी विचारतो. १९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आठही संघांना येतं. त्या बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता, हे चार संघांना येतं. पण करार पाळायला ते बडोद्यात आले तेव्हा काय झालं, तिथे आमची पाठांतराची वही संपते.

झालं ते त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले. रोजचे दीड रुपया. वरच्या मजल्यावर एकटेच, अंधारात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाली. गावात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने सांगितलं, तुम्हाला घेतलं तर माझे नोकर जातील. दुसऱ्याने सांगितलं, बायकोला विचारावं लागेल, आणि त्या बायकोला हे चाललं नसतं हे त्यांना नंतर कळलं. गाडी रात्री नऊची. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. कचेरीतली वागणूकही चरित्रांमधून आलेली आहे: शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. २३ सप्टेंबर हा दिवस आता संकल्प दिन म्हणून पाळतात आणि बागेत ते ठिकाण संकल्पभूमी म्हणून दाखवतात. दर रविवारी आमच्यातली निम्मी माणसं त्याच बागेत चालायला जातात.

मी काकांना म्हटलं, ‘काका, प्रश्न खोटा आहे का?’

‘खोटा कशाला असेल?’

‘मग अवघड आहे का?’

काका जरा थांबले. म्हणाले, ‘आमचे आजोबा तेव्हा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. कुठल्या खात्यात ते मला माहीत नाही. पगडी घालून कचेरीत जायचे, त्यांचा फोटो आहे आमच्याकडे. घरात त्यांच्या कितीतरी गोष्टी सांगायचे सगळे. महाराजांनी एकदा थांबवून नाव विचारलं, ती तर शंभर वेळा ऐकली असेल. ही कधी कुणी सांगितली नाही. आणि मीही नाही विचारलं.’

मला काय बोलावं सुचेना. चहा आला, तो प्यायलो. मग त्यांनीच कागद पुढे ओढला, सातव्या प्रश्नावर खूण केली आणि म्हणाले, ‘फक्त कमाटीबाग लिही. सयाजीबाग नको. तेव्हा लोक कमाटीबागच म्हणायचे, आणि आजही म्हणतात.’ मी तेच लिहिलं होतं, पण बोललो नाही.

शनिवारी आठपैकी तीन संघांना उत्तर आलं. त्यातला एक कॉलेजच्या मुलांचा संघ. बाकीच्यांपैकी दोघांनी अरविंद घोष लिहिलं. परदेशात शिकलेले आणि संस्थानच्या नोकरीतले तेही होते, त्यामुळे अगदीच भलतं नाही, पण ते १९०६ मध्येच बडोदा सोडून गेले होते. उत्तर वाचलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या नाहीत, पडायला नकोच होत्या. एका मुलीने हात वर करून विचारलं, ‘ते दोन स्नेही कोण होते?’ हा प्रश्न लीगच्या नियमात बसत नव्हता, पण तिला मी जितकं ठाऊक होतं तितकं सांगितलं.

त्यानंतर ‘आपलं गाव’ फेरीत मी एक गोष्ट ठरवून करतो. दहापैकी दोन प्रश्न असे काढतो की ज्यात गावाने कुणाला तरी जाऊ दिलंय. गुल महंमद त्यात बसतात. हिराबाई बडोदेकर तर बसतातच. ‘आडनाव बडोदेकर, जन्म मिरजेचा, १९०५. कसं काय?’ असा प्रश्न होता. अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदा दरबारात गायक होते, तिथल्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्या शिष्या. दोघांनी लग्न केलं आणि दोघांना बडोदा सोडावं लागलं. मुलं जन्मली ती बाहेर. मुलगी मोठी होऊन गायला लागली तेव्हा आईच्या सुटलेल्या गावाचं नाव लावून गायला बसली, आणि आमचं गाव तिच्या नावाच्या रेकॉर्डींवरून देशभर वाजलं. या प्रश्नाला सगळ्यांत आधी उत्तर दिलं ते त्याच काकांच्या संघाने. घरात तबकडी होती म्हणाले.

यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतोय. पहिल्या शनिवारसाठी सोपा प्रश्न ठेवलाय, तो इथेच फोडतो, कारण आमच्या लीगमधली कुठलीच मंडळी एवढी लांब पोस्ट शेवटपर्यंत वाचत नाहीत. १८६२ मध्ये बडोदा संस्थानात डभोई ते मियागाम अशी हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज गाडी सुरू झाली. प्रश्न: ‘सुरुवातीला या गाडीला कुठल्या प्रकारचं इंजिन होतं?’ पर्याय देणार नाही. वाफेचं लिहिणाऱ्यांना शून्य, कोळसा आणि लाकूड असा तपशील देणाऱ्यांनाही शून्य. सुरुवातीला ती गाडी बैल ओढायचे.